हिरवळ कोणाची, ठेव कोणाची?

टोकिओच्या पश्चिमेकडील उपनगरात कोगानेई कंट्री क्लब नावाचे जुने गोल्फ मैदान आहे. १९९० च्या सुमारास या क्लबच्या एका सभासदत्वाचा बाजारभाव तीस कोटी येनच्या वर गेला होता. एवढी रक्कम मोजणाऱ्याला जमिनीचा तुकडा मिळत नसे, घर मिळत नसे, दरवर्षी लाभांशही मिळत नसे. मिळे तो फक्त एका हिरवळीवर खेळण्याचा अधिकार, आणि खेळावयास जाईल त्या दिवसाचे शुल्क त्याला निराळे भरावे लागे. तरीही घेणाऱ्यांची रांग होती. सभासदत्वांच्या भावांचा निर्देशांक ‘निक्केई’ या अर्थविषयक दैनिकाकडून प्रसिद्ध होई. १९८२ साली शंभरावर असलेला हा निर्देशांक १९९० च्या प्रारंभी नऊशेच्या पुढे गेला. आठ वर्षांत नऊपट वाढणाऱ्या वस्तूला लोक चैन म्हणत नाहीत, गुंतवणूक म्हणतात. आणि चैनीला गुंतवणूक हे नाव मिळाले की सावध माणसाचाही हात खिशाकडे जातो.

पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. बुडबुडा फुटला, भाव कोसळले, शेकडो क्लब दिवाळखोरीत निघाले. परंतु ‘बुडबुडा’ हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की जे घडले ते जणू हवामानामुळे घडले, त्यात कोणाचा दोष नव्हता, असे वाटू लागते. वस्तुतः जपानमधील गोल्फ मैदानांची उभारणी ज्या अर्थरचनेवर झाली ती कागदावर नीट मांडलेली, कायद्याने मान्य केलेली आणि बँकांनी तपासलेली रचना होती. तिच्यातील दोष पहिल्या दिवसापासून उघड्या डोळ्यांना दिसण्याजोगा होता. तो दिसला का नाही, हा प्रश्न जपानपुरता मर्यादित नाही.

योजनेची आखणी

अठरा होलच्या मैदानाला सपाट प्रदेशात साठ-सत्तर हेक्टर जमीन लागते. जपानची सुमारे दोन-तृतीयांश भूमी डोंगराळ व वनाच्छादित आहे. सपाट जमीन शेती, वस्ती आणि कारखाने यांनी केव्हाच व्यापली आहे. त्यामुळे नवी मैदाने डोंगरउतारांवर गेली. तेथे माथे कापून दऱ्या भरावयाच्या, पाण्याचा निचरा करावयाचा आणि त्यावर हिरवळ रुजवावयाची, म्हणजे क्षेत्र शंभर हेक्टरच्या घरात जाणार आणि मातीकामाचा खर्च त्याच प्रमाणात वाढणार. प्रवर्तकाला अनेक लहान भूधारकांकडून जमीन गोळा करावी लागे, प्रांतिक शासनाची अनुज्ञा मिळवावी लागे, आणि पहिला चेंडू टोलवला जाण्यापूर्वी कित्येक वर्षे पैसा ओतावा लागे.

हा पैसा आणावयाचा कोठून? भागभांडवल उभारले तर भागधारकांना मालकी व लाभांश द्यावा लागतो. बँकेचे कर्ज घेतले तर पहिल्या महिन्यापासून व्याज सुरू होते. जपानी प्रवर्तकांनी तिसरा मार्ग शोधला. सभासदाकडून प्रवेशशुल्काखेरीज एक मोठी ठेव घ्यावयाची. ती बिनव्याजी असावयाची. दहा वर्षे अगर त्याहून अधिक काळ ती परत मागता येणार नाही. मुदतीनंतर सभासदाने राजीनामा दिल्यास ती पूर्ण परत करावयाची. ठेवीबद्दल सभासदास प्रमाणपत्र मिळे आणि ते दलालांमार्फत दुसऱ्यास विकता येई.

ठेव परत करावयाची असल्याने ती हिशेबात उत्पन्न न ठरता देणे ठरे, त्यामुळे तिच्यावर करही पडत नसे. व्याज नाही, कर नाही, मालकीतील वाटा नाही. इतके स्वस्त भांडवल कोणत्याही कारखानदाराला कधी लाभले नसेल. ही ठेव राखून ठेवण्याचे बंधन नव्हते. ती आली की मातीकामात, क्लबगृहाच्या संगमरवरात आणि जमिनीच्या पुढच्या खरेदीत खर्ची पडे.

सभासदांची भरती टप्प्याटप्प्याने होई. पहिल्या टप्प्यात ओळखीपाळखीच्या मंडळींना कमी दराने प्रवेश. दुसऱ्या टप्प्यात दर वाढलेला. तिसऱ्यात आणखी वाढलेला. मैदान अद्याप डोंगरावरील लाल मातीच्या अवस्थेत असतानाच पहिल्या टप्प्यातील सभासदाला आपले प्रमाणपत्र महागल्याचे समाधान मिळे, आणि तोच पुढच्या टप्प्याचा उत्साही प्रचारक बने. बँका व त्यांच्या उपकंपन्या या प्रमाणपत्रांच्या तारणावर कर्जे देत. पगारदार मनुष्य कर्ज काढून प्रमाणपत्र घेई, तेच तारण ठेवी, आणि भाव वाढल्यावर विकून कर्ज फेडता येईल असा हिशेब मांडी.

हिशेबाची वही

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका क्लबने पंधराशे सभासदांकडून प्रत्येकी एक कोटी येन ठेव घेतली. एकूण देणे पंधराशे कोटी येन झाले. मैदानावर वर्षाला चाळीस हजार खेळाडू आले आणि प्रत्येकाने सरासरी पंधरा हजार येन खर्च केले, तर वार्षिक उत्पन्न साठ कोटी येन होते. पगार, हिरवळीची निगा, पाणी, खते, दुरुस्ती, कर हे सर्व वजा जाऊन पाचवा भाग शिल्लक राहिला असे उदारपणे मानले तरी शिल्लक बारा कोटींची. या शिलकीतून पंधराशे कोटींची ठेव परत करावयास सव्वाशे वर्षे लागतील. करार मात्र दहा वर्षांचा आहे.

ही आकडेमोड शाळकरी मुलाला करता येण्यासारखी आहे. मग बँकांच्या तज्ज्ञांना ती सुचली नाही काय? सुचली असणार. परंतु परतफेड मैदानाच्या उत्पन्नातून व्हावयाची आहे, असे कोणी गृहीतच धरले नव्हते. ज्या प्रमाणपत्राची दर्शनी किंमत एक कोटी आणि बाजारभाव तीन कोटी आहे, त्याचा धारक क्लबकडे जाऊन एक कोटी परत मागणार नाही. तो बाजारात तीन कोटींना विकून मोकळा होईल. म्हणजे बाजारभाव दर्शनी किमतीच्या वर आहे तोवर क्लबला एक येनही परत करावा लागत नाही. देण्याची तारीख कागदावर असते, प्रत्यक्षात येत नाही.

या रचनेचा सारा भार असा एका गृहीतकावर होता, की उद्याचा खरेदीदार आजच्याहून अधिक किंमत देईल. हे गृहीतक एकदा ढळले की काय व्हावे? ज्या दिवशी बाजारभाव दर्शनी किमतीच्या खाली उतरतो, त्या दिवशी प्रत्येक शहाण्या सभासदाचे हित एकाच गोष्टीत असते: बाजारात न विकता क्लबकडे जाऊन पूर्ण ठेव मागणे. सर्वांचे हित एकाच दिशेला वळते आणि क्लबच्या तिजोरीत काहीच नसते. बँकेवर धाव येते तशी ही धाव. फरक इतकाच, की बँकेजवळ निदान काही रोखता असते.

या मोहाचे टोक कोठवर जाऊ शकते हे १९९१ साली उघडकीस आलेल्या इबाराकी कंट्री क्लबच्या प्रकरणाने दाखवले. तीन हजारांहून कमी सभासद घेण्याचे जाहीर करून प्रवर्तकाने पन्नास हजारांहून अधिक सभासदत्वे विकली आणि सुमारे दहा हजार कोटी येन गोळा केले. अठरा होलच्या मैदानावर दिवसाला फार तर दोनशे खेळाडू सामावतात. पन्नास हजार जणांना पाळीपाळीने खेळावयाचे म्हटले तर एकदा खेळलेल्याची पुढची पाळी अडीचशे दिवसांनी येईल. तथापि ज्यांनी पैसे भरले त्यांतील बहुतेकांना खेळावयाचे नव्हतेच, विकावयाचे होते. खेळणाऱ्यांपेक्षा विकणारेच अधिक असतील तर मैदान किती मोठे आहे याची चौकशी करतो कोण?

शासनाचा हात

ही केवळ खासगी हाव होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महाग झाला. निर्यातदारांना दिलासा म्हणून बँक ऑफ जपानने आपला व्याजदर फेब्रुवारी १९८७ मध्ये अडीच टक्क्यांवर आणला. पैसा स्वस्त झाला आणि जमिनीकडे वळला. त्याच वर्षी जपानच्या संसदेने विश्रामस्थळांच्या विकासाचा कायदा संमत केला. शेती मागे पडलेल्या, खाणी बंद पडलेल्या, तरुण शहरांकडे निघून गेलेल्या प्रांतांना पर्यटनाने सावरावे, हा त्याचा उदात्त हेतू. आराखडा मान्य झाला की करसवलती, स्वस्त कर्जे आणि शेतजमीन व वनजमीन यांच्या वापरातील शिथिलता मिळे. चाळीसहून अधिक प्रांतिक आराखडे मान्य झाले. बहुतेकांत समुद्रकिनाऱ्यावर नौकातळ, डोंगरावर बर्फावरील खेळ आणि मध्ये गोल्फ मैदान, असा एकच साचा होता.

गावपातळीवरील प्रलोभन आणखी साधे होते. गोल्फ मैदानावर खेळणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे प्रतिदिनी साधारण आठशे येन, कमाल बाराशे येन कर बसतो आणि त्याचा सात-दशांश हिस्सा मैदान ज्या नगरपालिकेच्या हद्दीत असेल तिला मिळतो. ज्या डोंगराळ गावाला उत्पन्नाचे दुसरे साधन नाही त्याला ही रक्कम लहान नव्हे. त्यामुळे वनतोड, दरडी, आणि हिरवळीवर फवारलेल्या कीटकनाशकांचा झऱ्यांत होणारा निचरा यांविरुद्ध ग्रामस्थांनी तक्रारी केल्या तेव्हा त्यांना बऱ्याचदा आपल्याच गावाच्या कचेरीशी भांडावे लागले. या तक्रारींचा परिणाम म्हणून १९९० मध्ये पर्यावरण विभागाने मैदानांतून वाहून जाणाऱ्या कीटकनाशकांसंबंधी मार्गदर्शक मर्यादा घालून दिल्या.

मियाझाकी प्रांताचा आराखडा या कायद्याखाली पहिल्यांदा मान्य झालेल्या आराखड्यांपैकी एक. तेथे प्रांत, शहर व खासगी उद्योग यांच्या भागीदारीतून ‘सीगाया’ हा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. १९९३ मध्ये त्याचा छपराखालचा कृत्रिम समुद्रकिनारा खुला झाला. खरा समुद्र तेथून हाकेच्या अंतरावर होता! आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणारे गोल्फ मैदान या समूहाच्या मालकीचे होते. २००१ च्या फेब्रुवारीत हा समूह तीस हजार कोटी येनहून अधिक देणे डोक्यावर घेऊन न्यायालयाच्या दारात आला, आणि एका अमेरिकन गुंतवणूक संस्थेने तो सुमारे सोळाशे कोटी येनना घेतला. होक्काइडोमधील युबारी शहराची कथा याहून करुण आहे. कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर शहराने क्रीडोद्याने व विश्रामस्थळे यांत पैसा घातला; एकेकाळी लाखावर वस्ती असलेले ते शहर २००७ मध्ये सुमारे साडेतीन हजार कोटी येनच्या कर्जाखाली अधिकृतपणे दिवाळखोर ठरले, तेव्हा तेथे जेमतेम तेरा हजार माणसे उरली होती. त्या माणसांचे कर वाढले, शाळा एकत्र केल्या गेल्या, रुग्णालय आक्रसले. ज्यांनी आराखडे केले त्यांतील कोणाच्या घरावर जप्ती आली नाही.

मुदत भरली

बँक ऑफ जपानने मे १९८९ पासून व्याजदर चढवीत नेला. ऑगस्ट १९९० पर्यंत तो सहा टक्क्यांवर गेला. शेअरबाजाराचा निर्देशांक १९८९ च्या अखेरच्या दिवसांत गाठलेल्या ३८,९१५ या शिखरावरून घसरू लागला, त्यामागून जमीन आणि सभासदत्वे. मिनोरु इसुतानी या उद्योगपतीने १९९० मध्ये अमेरिकेतील सुप्रसिद्ध पेबल बीच मैदान ८० कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतले होते. जपानी पद्धतीने तेथील सभासदत्वे विकून ती किंमत वसूल करावी असा त्याचा बेत होता. मैदान सर्वसामान्यांना दुरावेल या कारणास्तव कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाने त्यास संमती नाकारली, आणि १९९२ मध्ये मैदान सुमारे ५० कोटी डॉलरना विकावे लागले. सभासदांच्या ठेवी वजा केल्या तर हिरवळीची खरी किंमत किती उरते, याची ती पूर्वसूचना होती.

मूळ आघात मात्र पुढे होता. १९८८-९० मध्ये घेतलेल्या ठेवींची दहा वर्षांची मुदत १९९८ ते २००० या काळात भरू लागली. सभासद प्रमाणपत्रे घेऊन क्लबच्या कचेरीत आले. कचेरीतून उत्तर आले, की संचालक मंडळाच्या ठरावान्वये मुदत आणखी दहा वर्षे वाढविण्यात आली आहे. काही जण न्यायालयात गेले. सभासदाच्या संमतीवाचून मुदत वाढविता येत नाही असे न्यायालयाने म्हटले तरी वसुली करावयाची कशातून? जमीन, क्लबगृह, यंत्रसामग्री सर्व बँकांकडे गहाण होते. ठेवीदार हा विनातारण धनको. त्याची पाळी शेवटची. एप्रिल २००० पासून अमलात आलेल्या पुनर्वसन कायद्याखाली क्लब एकामागून एक न्यायालयात गेले आणि ठेवींची बहुतांश रक्कम कापली गेली. कित्येक ठिकाणी मूळ रकमेच्या दहाव्या भागाहूनही कमी हाती आली. उधारीचे पोते सव्वा हात रिते म्हणतात. येथे पोतेच उरले नव्हते.

या अवशेषांतून मैदाने विकत घेतली ती मुख्यतः दोन अमेरिकन वित्तसंस्थांनी, गोल्डमन सॅक्स आणि लोन स्टार यांनी. दोघांच्या जपानी कंपन्यांकडे प्रत्येकी शंभराच्या वर मैदाने आली. त्यांनी शुल्क कमी केले, चेंडूफळ्यांची पिशवी वाहणारे मदतनीस ऐच्छिक केले, दारे सर्वांना उघडली, आणि नफा मिळवला. २००५ व २००६ मध्ये या कंपन्यांचे भाग टोकिओच्या बाजारात विक्रीस आले. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. गोल्फचे मैदान चालवणे हा मुळात तोट्याचा धंदा नव्हता. माती तीच होती, हिरवळ तीच, खेळाडूही बऱ्याच अंशी तेच. बदलला तो भांडवलाचा आकडा. पंधराशे कोटींच्या देण्याखाली बुडणारे मैदान शंभर कोटींना घेतल्यास तरते. मधल्या चौदाशे कोटींचा भार मात्र कोणीतरी वाहिलेला असतो, आणि तो वाहणारा पहिला सभासद असतो.

धडा कोणासाठी?

हे सर्व परक्या देशातील श्रीमंतांचे दुखणे आहे, आपल्याकडील शिक्षकाला किंवा कारकुनाला त्याचे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील कित्येक घरांत सागवान लागवडीच्या योजनांची प्रमाणपत्रे होती. आज काही हजार भरा, वीस वर्षांनी झाडे विकून लाख घ्या. तेथेही पैसा आधी आणि झाड नंतर. तेथेही परतफेडीचा आधार एका दूरच्या भावावर. तेथेही ठेवीदाराजवळ तारण नाही. अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी ‘सेबी’ची नियमावली आली ती १९९९ मध्ये, तोवर व्हावयाचे ते होऊन गेले होते. दिल्लीनजीक नोएडा येथे गोल्फ मैदानाच्या कडेने वसवावयाच्या नगरीतील सदनिका विकणारी जेपी इन्फ्राटेक ही कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा वीस हजारांहून अधिक कुटुंबे घर आणि पैसा या दोहोंच्या मध्ये अडकली. कायद्याच्या भाषेत ती कुटुंबे नेमकी कोण, धनको की नुसते ग्राहक, हे स्पष्ट होण्यास २०१८ ची दुरुस्ती यावी लागली.

जपानने १९९२ मध्ये कायदा केला आणि तो १९९३ पासून अमलात आला. मैदान खुले होण्यापूर्वी सभासद भरती करण्यास त्याने सामान्यतः मनाई केली आणि करार केल्यानंतर आठ दिवसांत तो रद्द करण्याचा हक्क सभासदास दिला. औषध योग्य होते. रोगी मात्र त्याआधीच अत्यवस्थ झाला होता. आपल्याकडे स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने हेच तत्त्व घरबांधणीस लावले. नोंदणीवाचून जाहिरात करता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ही तरतूद साधी वाटते. परंतु पहिल्या टप्प्याच्या पैशातून दुसरी जमीन घेण्याची वाट जपानमध्ये बंद असती, तर निम्मी मैदाने डोंगरावर चढलीच नसती.

मुंबई-पुण्याच्या आसपासच्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत आता हिरवळीची चित्रे सर्रास दिसतात. क्रीडेला किंवा सौंदर्याला विरोध करण्याचे कारण नाही. नव्या मैदानाची योजना समोर आली तर तीन प्रश्न मात्र विचारले पाहिजेत. नागरिकाने विचारावा तो पहिला प्रश्न: ही जमीन व हे पाणी दुसऱ्या कोणत्या कामी आले असते, आणि त्या कामाचे मोल या हिशेबात धरले आहे काय? ठेवीदाराचा प्रश्न दुसरा: परतफेड मैदानाच्या उत्पन्नातून होणार आहे, की पुढच्या ठेवीदाराच्या खिशातून? तिसरा प्रश्न नगरपालिकेच्या सभासदांनी स्वतःला करावा: योजना फसली तर तिचे देणे कोणाच्या नावावर राहणार? या तीन प्रश्नांना आकड्यांत उत्तर देता येत नसेल, तर जाहिरातीतील चित्र कितीही हिरवे असो, योजना कच्ची आहे.

जपानमधील काही मैदानांवर आज गवतही नाही. क्योटो शहरातील फुशिमी भागात गोल्फसाठी राखून ठेवलेली आणि पुढे सोडून दिलेली जमीन होती. तेथे सौरऊर्जेच्या फलकांचा तेवीस मेगावॅटचा प्रकल्प २०१५ मध्ये जाहीर झाला. वीज विकली जाते, दर ठरलेला असतो, उत्पन्नाचा हिशेब आधी मांडता येतो. सूर्य दुसऱ्या दिवशी अधिक भावाने उगवेल, असे कोणालाही गृहीत धरावे लागत नाही.